नळाखाली धुतलेली खडी

रविवारी सकाळी गच्चीत आम्ही दोघेच होतो, मी आणि माझी बायको सुनंदा. माशांच्या टाकीवरच्या खडीच्या वाफ्यात पालकाची अकरा रोपं माना टाकून उभी होती. मुळं पाण्यात, तरी पानं तहानलेली. खाली सहाही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. टाकीतलं पाणी वाफ्यातून फिरवणारा पंप चालू होता, तापमान ठीक होतं. रोजच्या नोंदींच्या वहीत चूक सापडेना.

"अहो, गेल्या रविवारी वाफ्यातली खडी धुतलीत ना?"

"नळाखाली, तीनदा. किती चिकट झाली होती!"

"त्या चिकटपणातले जिवाणूच माशांच्या घाणीचं खत करत होते; आता तीच घाण पाण्यात विष झालीय. देवाची भांडी होती का ती खडी, घासायला?"

आयुष्यभर चिकट दिसलं की घासत आलो; त्यातलं किती जिवंत होतं, याची नोंद मी कधीच ठेवली नाही.

शेजाऱ्यांकडेही अशीच टाकी आहे. त्यांच्याकडून बादलीभर मळकी खडी आणून वाफ्यात ओतली, टाकीतलं निम्मं पाणी बदललं.

"जगतील का गं?"

"बघू. तुम्ही फक्त पंधरा दिवस काही स्वच्छ करू नका."

मी हात मागे बांधले आणि माशांची तोंडं मोजत उभा राहिलो.