अनोळखी दिसण्याची तालीम

मला एकाच प्रकारचे सिनेमे आवडतात. चार-पाच एकटी माणसं, मोठं शहर, कुणी कुणाला ओळखत नाही. मग एखादा अपघात होतो, किंवा एकाचा फोन चुकून दुसऱ्याकडे जातो, आणि सगळ्यांची आयुष्यं एकमेकांत गुंतत जातात. निवृत्तीनंतर असे सिनेमे मी इतके पाहिले, की मुलगी फोनवर वैतागायची, "बाबा, कधीतरी विनोदी बघा ना!" पण मी ऐकणाऱ्यातला नव्हे. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. सुताएवढा फरक दिसला तरी पार्ट बाजूला काढायचा, समोर कोण उभं आहे ते बघायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको अकरा दिवस आयसीयूत होती आणि तिथूनच गेली. ते अकरा दिवस मी बाहेरच्या खुर्चीवर बसून काढले. भोवती माणसंच माणसं होती, पण तुमचं कोण आत आहे, एवढंही मला कुणी विचारलं नाही. तिच्या जाण्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा होता राग. म्हणून मी ठरवलं, की आपणच एक सिनेमा करायचा, वीस मिनिटांचा का होईना, आणि ते अकरा दिवस लोकांना दाखवायचे. माणसं कशी असतात ते त्यांना एकदा कळू दे म्हटलं.

वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, 'लघुपटासाठी माणसं हवीत, अभिनयाचा अनुभव नसावा.' तिघं आली. घोटीकडच्या निवृत्त अंगणवाडीताई, इथे भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. जुन्या नाशकातले एक टेलरमास्टर, ज्यांची मुलं मालेगावला स्थायिक झाली होती. आणि सातपूरला लेथ चालवणारा एक कामगार, त्याचं बिऱ्हाड पेठ तालुक्यातल्या गावी. तिघंही खरोखरीची एकटी. मला वाटलं, काम निम्मं झालं.

प्रसंग सोपा होता. आमच्या सोसायटीच्या ऑफिसबाहेरचा पॅसेज म्हणजे हॉस्पिटल. मंडपवाल्याकडून आणलेल्या पाच खुर्च्या. कामगाराने नवऱ्याचं, म्हणजे माझं, काम करायचं. बाकी दोघांनी आपापल्या पेशंटची वाट बघत बसायचं. तीन मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही, बस्स. माझा मोबाइल स्टँडवर लावला आणि म्हणालो, "ॲक्शन."

अर्ध्या मिनिटात ताई कामगाराला म्हणाल्या, "इकडं सरका भाऊ, तिकडं ऊन येतंय."

"कट!"

दुसऱ्या वेळी मास्टरांनी त्याला पाण्याची बाटली दिली. तिसऱ्या वेळी कामगारानेच ताईंना विचारलं, "तुमचं कोण दाखल हाय?" माझा पारा चढला. "अहो, तुम्ही अनोळखी आहात एकमेकांना! अनोळखी!"

"मग बरोबरच हाय की," ताई म्हणाल्या. "ओळखीच्याला कशाला विचारू, कोण दाखल हाय म्हणून? ते आधीच ठाऊक असतंय."

यावर मी आणखीच चिडलो.

पुढच्या रविवारी तर कहरच झाला. तिघं एकाच रिक्षातून उतरली. कळलं ते असं, की ताईंचा कुकर कामगाराने दुरुस्त केला होता आणि मास्टर त्याच्या पोरीचा गणवेश शिवत होते. आता यांनी पडद्यावर परकं कसं दिसायचं? मी फर्मान काढलं, की शूटिंग संपेपर्यंत आपसात बोलायचं नाही आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने यायचं. त्यांनी ते निमूटपणे पाळलं. कुणी आधी यायचं आणि कुणी नंतर, हे मात्र ती आदल्या दिवशी एकमेकांना फोन करून ठरवत होती.

पण सोडून द्यायचं माझ्या मनात एकदाही आलं नाही. रविवार घालवीन, महिना घालवीन, पण ती तीन मिनिटांची शांतता मिळवीनच, असा चंग बांधला होता. चौथ्या रविवारी दोन मिनिटं निभावली. सगळे गप्प. मी श्वास रोखून बघतोय, आणि मास्टरांचा हात हळूच कामगाराच्या खांद्यावर गेला.

मी ओरडलोच. "असं होत नसतं! मी बसलोय तिथं, अकरा दिवस! बायको आत होती माझी. कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही मला!"

तोवर मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. तिघंही उठून उभी राहिली. ताईंनी पदर तोंडाला लावला. मास्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "और आप, साहब? तुम्ही कुणाला विचारलं?"

"मी कशाला विचारू? मी माझ्या काळजीत होतो," मी तडकून म्हणालो आणि शूटिंग बंद केलं.

त्या दुपारी जेवण गेलं नाही. त्या अकरा दिवसांतला एक तरी चेहरा आठवतो का, म्हणून ताण देऊन पाहिलं. चेहरा एकही आठवेना. आठवल्या त्या चपला. खूप चपला, बूट, एका बाईच्या पायातली जोडवी. जोडवी आठवली आणि मग बाकीचंही आठवलं. तिसऱ्या दिवशी ती बाई फडक्यातली भाकरी पुढे करून म्हणाली होती, "घ्या दादा, सकाळपासून बघतेय मी." मी मान वर न करता "नको" म्हणालो. फाइलींची पिशवी उचलून माझ्या नि तिच्यामधल्या खुर्चीवर ठेवली. ती पिशवी शेवटपर्यंत तिथेच होती.

मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी सगळ्या जगावर फुली मारून बसलो होतो. सिनेमा बंद करून टाकावा असं पहिल्यांदाच वाटलं, पण ती पळवाट झाली असती. करायचाच, पण खरा करायचा.

पाचव्या रविवारी तिघांना सगळं सांगितलं. म्हणालो, "तुम्हाला जे सुचेल ते करा. नवऱ्याचं काम मी करणार." कामगार मोबाइलमागे उभा राहिला. ताईंनी घरून खरोखरची भाकरी आणली होती.

पहिला टेक मीच बाद केला. माझं "नको" फार गोड झालं होतं. दुसऱ्यात मी ताईंकडे बघितलं, तोही बाद. हॉस्पिटलात त्या दिवशी मी गोडही बोललो नव्हतो आणि बघितलंही नव्हतं. "दादा, ऱ्हाऊ द्या आता, लय त्रास होतोय तुम्हाला," ताई म्हणाल्या. मी म्हणालो, "होऊ दे." सहाव्या टेकला ते जमलं. नजर फरशीवर, कोरडं "नको", आणि पिशवी मधल्या खुर्चीवर.

मग आम्ही चौघं मोबाइलवर वाकून तो टेक बघायला लागलो. माझ्याकडे मी पाहिलंच नाही. ताईंचा हात तसाच पुढे राहिला होता. चेहरा पडला, मग जरा ओशाळला, जणू चूक त्यांचीच झाली. भाकरी त्यांनी फडक्यात परत गुंडाळली, गाठ मारली, आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन माझ्या वाकलेल्या मानेकडे बघत बसून राहिल्या. हॉस्पिटलमधल्या त्या बाईचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. तो तेव्हा असाच झाला असणार.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"परत घ्यायचा का, साहेब?" कामगाराने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "हाच ठेवायचा. लोकांना हाच दाखवायचा."