डॉक्टरांनी विचारलं, मी ‘नाही’ म्हणाले

डॉक्टरांनी मला ओपीडीबाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं. वळताना मी अडखळले, भिंत धरली. मग आत बसवून त्यांनी मुलासमोरच विचारलं, “आजी, बाथरूमला पोचायच्या आधी कपड्यांत लघवी होते का?”

“नाही,” मी म्हणाले.

नीलेश खाली बघत होता. माझ्या ओल्या साडीचं त्याला सगळं कळलं होतं. तरी मी नाही म्हणाले. डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी होकारार्थी मान हलवली.

एमआरआयची फिल्म लावून ते म्हणाले, “नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस.” म्हणजे मेंदूत तयार होणारं पाणी नीट शोषलं जात नाही, आतल्या पोकळ्यांमध्ये साचतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवरचा ताबा जातो, विसरायला होतं. “हे नुसतं म्हातारपण नाही, आजार आहे. बऱ्याच जणांना उपचाराचा उपयोग होतो. इतके महिने का थांबलात?”

तिथे उत्तर देता आलं नाही. इथे देते, कारण माझ्यासारख्या आणखी कुणी गप्प बसल्या असतील.

मी बालवाडीची बाई. चेंबूरला नोकरी केली. हे गेल्यावर काही वर्षं कांदिवलीला नीलेशकडे राहिले. मग मुलुंडला एका ट्रस्टने चालवलेल्या ज्येष्ठांच्या इमारतीत खोली घेतली. पेन्शनमध्ये बसेल असं भाडं, छोटा ओटा, स्वतःची किल्ली. जेवायला खाली हॉल. मला कुणी घालवलं नव्हतं, मीच हट्टाने आले. अट एकच, आपलं आपल्याला करता आलं पाहिजे.

ती अटच माझ्या मानगुटीवर बसली. पहिल्यांदा कपडे ओले झाले तेव्हा वाटलं, हे कळलं की खोली गेली. मी पाणी पिणं कमी केलं. दुपारी सगळे पडले की परकर धुवायचे, खोलीतच वाळत घालायचे, वास जावा म्हणून उदबत्त्या लावायचे. लहान मुलांच्या ओल्या चड्ड्या मी आयुष्यभर न चिडता बदलल्या होत्या. स्वतःच्या बाबतीत मात्र घाण वाटायची. मग जेवायला खाली जाणंही टाळू लागले. उपास आहे म्हणायचे.

शेजारच्या खोलीत हिराबाई. वेसाव्याची, सारा जन्म बाजारात मासे विकलेली. ती दारातूनच ओरडायची, “मास्तरीण, महिन्यातून किती एकादश्या गं तुझ्या?” मी दार लोटून घ्यायचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉल भरला होता. कुणाच्या सुना आल्या होत्या, कुणाच्या नाती. तिळगुळाचं ताट घेऊन वळताना माझे पाय उचललेच नाहीत. मी आडवी पडले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, साडी भिजली. बायका नुसत्या बघत राहिल्या.

हिराबाई गर्दीतून पुढे आली. “मुतली तर मुतली! आधी हाड मोडलंय का बघा!”

हाड मोडलं नव्हतं. पण ते वाक्य कानात राहिलं. मी तिच्याशी बोलणं सोडलं. मॅनेजरबाईंनी नीलेशला फोन केला, त्याने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं, म्हणून आजार सापडला. ती ओरडली नसती तर मी चक्कर आली म्हणून वेळ मारून नेली असती. हे तेव्हा मान्य करवत नव्हतं.

आधी चाचणी झाली, लंबार पंक्चर. कुशीवर झोपवून कमरेच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढतात. दुखतं, पण सोसण्यासारखं. काही तासांनी मला पुन्हा चालवलं. पाय चक्क उचलत होते! नीलेश पॅसेजच्या टोकाला उभा राहून रडत होता.

मग शंटचं ऑपरेशन. डोक्यातलं जास्तीचं पाणी कातडीखालच्या बारीक नळीने पोटात सोडतात, तिथे ते जिरतं. अर्धं डोकं भादरलं. डॉक्टर म्हणाले, “आधी चालणं सुधारेल. लघवीला वेळ लागेल. पूर्ण थांबेलच असं सांगत नाही.”

बरी होईपर्यंत कांदिवलीला राहिले. लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, “गावाहून कधी आलात, काकू?” मला क्षणभर कळेना. मग कळलं. आई गावाला असते असंच नीलेशने सगळ्यांना सांगितलं होतं. मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाले, “आत्ताच आले.”

रात्री जेवताना त्याला विचारलं. तो म्हणाला, “लोकांना वाटलं असतं मी तुला काढलं घरातून. लाज वाटायची गं.”

मी त्याला काय बोलणार? “मलाही वाटायची,” म्हणाले. सूनबाईने आमटीचं पातेलं पुढे सरकवलं, आणि त्यावर मग आम्ही तिघं बराच वेळ बोललो. मायलेक दोघं दोन गोष्टी लपवत होतो.

मुलुंडला परतायची भीती वाटत होती. मॅनेजरबाई म्हणाल्या, “तुमची खोली तुमचीच आहे. आजारी पडायला बंदी नाही हो इथे. तेव्हाच सांगितलं असतंत तर?” बाथरूममध्ये त्यांनी धरायला दांडे बसवून घेतले होते.

चालणं आता चांगलं आहे. लघवी पूर्ण थांबलेली नाही, पॅड वापरते. हिराबाईच्या दारात मी स्वतःहून गेले. माफी मागायची होती. ती म्हणाली, “डोकं दाखव.” मी पदर काढला. खुंट वाढलेल्या डोक्यावरून तिने हात फिरवला. “झकास दिसतेस. चल जेवायला.”

खाली माझ्या नेहमीच्या खुर्चीवर रबरी चादरीची घडी होती, वर स्वच्छ टॉवेल. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही. वाटलं परत फिरावं. सगळे आपापलं जेवत होते. मी त्या टॉवेलवर बसले आणि भात वाढून घेतला.