सनाची पहिली लेन्स

लेन्सच्या पाण्याचा वास आला की अजून माझी बोटं गार पडतात. आज सकाळी माझी लेक सना आरशासमोर लेन्स घालत होती आणि मी थेट मुरुडच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

तेव्हा ती चार महिन्यांची होती. जन्मतःच असलेले दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू नुकतेच काढले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या इवल्या बुबुळाच्या गोलाईला बसेल अशी मऊ लेन्स निवडून दिली, पण घरी ती मलाच घालायची होती. बोटांना तिखट राहील या धास्तीने मी दोन दिवस मसाल्याला शिवले नव्हते.

सासूबाईंनी तिला ओढणीत गुंडाळून मांडीवर घट्ट धरलं. ती किंचाळत होती. बाहेरून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. मी पापणी उचलून लेन्स आत सरकवली आणि तिचं रडणं एकदम थांबलं.

डोळा गेला, असंच वाटलं मला. मी गच्च डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड गो," सासूबाई म्हणाल्या, "पोर तुला बघते हाय."

म्हणजे सनाने पहिल्यांदा नीट पाहिलेला माझा चेहरा तो होता, डोळे मिटलेला.