माळावर बांधलेली गाय

जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारी लम्पी आली तेव्हा बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती. वस्तीवर मी आणि दोन गाई, इतकेच.

घोडेगावचा जनावरांचा बाजार बंद झाला होता. बाजार बंद म्हणजे रोग बंद, असे गावात सगळे म्हणत. माझ्या दावणीला कित्येक वर्षांत विकतचे जनावर आले नव्हते, तरी काळ्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या. डॉक्टर सुई देऊन म्हणाले, "दुसरी लांब बांधा. माशा-डासांपासून जपा."

दुसरी तांबडी, दिवस भरत आलेली. ती आणि तिच्या पोटातले वाचवायचे, एवढे एकच काम मग उरले.

पण लांब म्हणजे कुठे? गोठ्यामागेच कालव्याची चारी, पलीकडे ऊस. पाणी सुटले की चारी पाझरते आणि उसाच्या कडेची डबकी महिनाभर आटत नाहीत. संध्याकाळी तिथे डासांमुळे तोंड उघडायची सोय नसते. आमची पिके त्याच पाण्यावर उभी, म्हणून त्याला कोणी नावे ठेवत नाही. मी आसपासचे गोठे मनात मोजले. चारीकाठच्या नऊपैकी सहांत रोग, वर माळावरच्या चारांत एकही नाही. इतक्या लहान आकड्यांवर पैज लावू नये, हे मला कळत होते. तरी तांबडीला सोडले आणि माळाची वाट धरली.

माळावर माझा एक चुलतभाऊ राहतो. तो बांधावर काठी घेऊन उभाच होता.

"दादा, तिथंच थांबा. फुडं आनू नका."

"अरे, हिला काही नाही. एक गाठ दाखव."

"आज न्हाई. उद्याचं कुनी सांगावं? लई वर्सं आमाला कोरडवाहू म्हून हिणवलंत. आता कोरडंच बरं वाटाया लागलं व्हय?"

तो हसत होता, पण काठी आडवीच होती. त्याचे चुकत नव्हते. मी मागे वळलो आणि मधल्या गायरानात एका बोरीला गाय बांधली. तिथे दिवसभर वारा. माशी अंगावर बसली तरी टिकत नसे. पाणी मोटारसायकलवर कॅनने न्यायचे, कडबाही तसाच. काळीचे शेण-पाणी करून आलो की आंघोळ, कपडे बदलायचे, मगच वर जायचे. रस्त्याने जाणारे ओळखीचे लोक गाडी हळू करत, हात करत आणि निघून जात.

बायकोचा रोज फोन यायचा.

"दिवसभर कुणाशी बोलता तरी का?"

"गाईशी."

"मग ती काय म्हणते?"

"ती तुझ्यापेक्षा कमी बोलते."

काळी गेली. जेसीबीवाल्याने खड्डा घेतला आणि तो लगेच निघाला. चुना-मीठ मी एकट्याने टाकले.

पुढच्या आठवड्यात तांबडी गायरानातच व्याली. कालवड झाली. दोघींच्या अंगावर एकही गाठ नव्हती. ते वाऱ्यामुळे, आधी दिलेल्या लसीमुळे, की नुसत्या नशिबाने, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आमच्याकडे गाय व्याली की चीक घरात एकट्याने खात नाहीत, शेजारी वाटतात. कालवड पोटभर प्याली, मग उरलेल्या चिकाचा गूळ घालून खरवस केला आणि डबा घेऊन माळावर गेलो.

"राहू द्या, दादा," चुलतभाऊ लांबूनच म्हणाला. "वासरू ब्येस हाय ना?"

"आहे."

"मग झालं तर. आमच्या दावणीलाबी जनावरं हायेत. डबा नको."

शिजवलेल्या खरवसातून हा रोग जात नाही, हे मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितले नाही. त्याचा गोठा अजून कोरा होता, आणि तो कशाने कोरा राहिला हे मला तरी कुठे ठाऊक होते?

गायरानात परत येऊन डबा उघडला. खरवस चांगला जमला होता. दोन वड्या खाल्ल्या, तिसरी गेली नाही. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"कुणाकुणाला दिला?"

"अजून कुणालाच नाही."

ती म्हणाली, "फोन जरा कालवडीकडं धरा."

मी धरला.