न बांधलेल्या नौकेचं फडकं

आईने चक्का टांगायला जुनं पांढरं फडकं काढलं आणि झटकलं. खिडकीच्या उजेडात त्यावर एक फिकट, लांब वळण दिसलं. ते एका युद्धनौकेचं नाक होतं.

बाबा गोदीत जहाजांचे नकाशे काढायचे, खळ दिलेल्या तलम कापडावर, शाईने. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या एका नौकेला दिली आणि एके दिवशी वरून निरोप आला, नौका रद्द. का, ते कुणी सांगितलं नाही. रद्द करणारा सही करून निवांत जेवायला गेला असेल. रद्द नकाशांचं कापड घरी न्यायची तिथे रीतच होती. बायका ते उकळून खळ काढायच्या आणि झबली शिवायच्या. माझं पहिलं झबलं म्हणजे त्या नौकेची डावी बाजू.

बुडालेल्या जहाजासाठी माणसं रडतात तरी. जे बांधलंच नाही, त्याच्यासाठी कुणापाशी रडायचं?

“अहो, ही रेघ काही जात नाही,” आई म्हणाली.

बाबांनी त्या वळणावरून अंगठा फिरवला. मग फडकं तिच्यासमोरच्या पाण्याच्या पातेल्यावर धरलं.

“भिजव,” ते म्हणाले. “उतरू दे एकदाची पाण्यात.”