कुलूप माझं होतं

हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा मी एका शेतकऱ्याच्या घरात खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच दिवशी त्यांचं कुलूप काढून माझं लावलं. मालक माझ्या कॉम्प्युटरकडे बघून सारखे विचारायचे, "ह्यात नेमकं ठेवता काय?" मला ते लक्षण ठीक वाटेना.

दसऱ्याला घरी लातूरला जाऊन आलो. कॉम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: सिस्टीम डिस्क नाही. डोकं फिरलं. हार्ड डिस्कच पळवली यांनी! कॅबिनेट उघडलं, तर डिस्क जागेवर, वायरी घट्ट. मग केलं काय? झाकण लावताना समोर कुंकवाचं बोट दिसलं आणि त्याच्या खालच्या फटीत माझी फ्लॉपी. मी ती टेबलावर ठेवली होती. मशीन आधी फ्लॉपीत सिस्टीम शोधतं, नाही सापडली की तिथंच अडून बसतं. फ्लॉपी काढली, मशीन सुरू झालं.

तणतणत मालकीणबाईंना गाठलं. "काकू, माझ्या खोलीत कोण गेलं होतं?"

"मीच की. खंडेनवमीला समदी हत्यारं पुजली, नांगर, विळे, ट्रॅक्टर. तुमचं एकटंच कसं ठेवायचं? ती काळी चपटी पट्टी भायेर पडलेली, बसंल तितं बसवली."

"अहो, पण कुलूप माझं! किल्ली माझ्या खिशात!"

"व्हय की. यांनी कोयंड्याचे स्क्रू काढले आन् पूजा झाल्यावर परत लावले," त्या शांतपणे म्हणाल्या. "कुलूप तुमचं हाय. कोयंडा आमचाच न्हवं का?"