खोबरेल प्यायलेलं मशीन

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी सासूबाईंच्या शिलाई मशीनला खोबरेल तेल पाजलं. त्याला जितकी भोकं होती तितक्या सगळ्यांत, अगदी सढळ हाताने. आणि वर, मशीन बंद पडल्यावर त्याचं खापर सासूबाईंच्या पायावर फोडलं. ही गोष्ट मी सेहेचाळीस वर्षं नवऱ्याला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, देवाला सांगितली असेल तर तीही मोघमच. ती ज्यांनी नुसत्या नाकाने ओळखली, त्यांच्याइतका धक्के देणारा सद्गृहस्थ अख्ख्या जयपुरात, मी तर म्हणते उभ्या राजस्थानात, दुसरा नसेल. आमच्या घरी त्यांना नुसतं 'मशीनवाले' म्हणतात. पण आधी माझा शहाणपणा सांगून टाकते, म्हणजे त्यांचं काय ते नीट कळेल.

यजमानांची बँकेतली बदली नुकतीच जयपूरला झाली होती आणि आम्ही तिलक नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई चिपळूणहून येताना लोणच्याच्या बरण्या मागे ठेवून आपलं पायमशीन घेऊन आल्या होत्या. लोखंडी पाय सामानाच्या डब्यात, आणि वरचं काळं मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर. मुलगा चार महिन्यांचा, इथली थंडी पहिलीच, म्हणून त्या निळ्या फ्लॅनेलची कुंची शिवायला बसल्या. मशीन कुरकुरायचं आणि कुरकुरलं की मुलगा जागा व्हायचा. एका दुपारी त्या मोती डुंगरीच्या गणपतीला गेल्याचं पाहून मी ठरवलं, आपण याला तेल घालू. घरात चांगलं तेल एकच, चिपळूणच्या घाण्यावरचं खोबरेल. जे डोक्याला चालतं ते लोखंडाला का चालू नये? तेव्हा मला स्वतःच्या डोक्याबद्दल फार आदर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक हलेना. आता गंमत बघा. आमच्या चिपळूणला खोबरेल बारा महिने पाण्यासारखं. फार तर जानेवारीत पहाटे जरासं गढूळतं. इथे जयपुरात त्याचा दगड होतो, आणि त्याच सकाळी मी केसांच्या खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरून ते पातळ व्हायची वाट बघत उभी होते. हातात गोठलेली बाटली, समोर अडलेलं मशीन, आणि मध्ये मी, पदवीधर. तरी माझ्या डोक्यात काही म्हणता काही पेटलं नाही. सासूबाईंनी दोन्ही हातांनी चाक ओढून पाहिलं आणि विचारलं, काही केलंस का गं. मी पापणी न हलवता म्हटलं, "आई, जुनं झालंय ते. आणि हल्ली तुमचा पायही जड पडतो."

त्यांनी एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, सुईखाली अडकलेली कुंची कात्रीने सोडवली, मशीनवर चादर घातली आणि मग जाईपर्यंत, म्हणजे पुढची एकोणीस वर्षं, शिवणाला हात लावला नाही. उरलेली कुंची मी हाताने शिवली. मुलगा तीत पिशवीत घातलेल्या कांद्यासारखा दिसायचा.

मशीनचं टेबल झालं. त्याच्यावर रेडिओ आला, मग टीव्ही, मग औषधांचे डबे. गेल्या वर्षी मुलाच्या मनात आलं की लोखंडी पायांवर काच टाकून बाल्कनीत चहाला ठेवावं. त्याला आडवी आली माझी नात सई. ती सीतापुऱ्याला, परदेशी कपडे पाठवणाऱ्या एका कारखान्यात कामाला जाते, दिवसभर विजेच्या मशिनींच्या गोंगाटात असते, आणि घरी तिला आपले कुडते याच मशीनवर शिवायचे होते. शोभेला नाही, रोज. "आजी, मतलब ही चालू होऊ शकते ना?" तिने विचारलं. मशीन चालू व्हावं असं मला फार वाटत होतं. ते बंद का पडलं हे कुणाला कळू नये, असंही तितकंच वाटत होतं.

कारखान्यातल्या कुणीतरी सईला मशीनवाल्यांचा नंबर दिला. संध्याकाळी फोन वाजला आणि विहिरीच्या तळातून यावा तसा खर्जातला आवाज आला, "काकूजी, मी मशीनवाला बोलते. उद्या सकाळी येते." मला वाटलं दोन फोन एकमेकांत अडकले. सकाळी दार उघडलं तर सहा फुटी देह, गालांवरून कानाकडे निघालेल्या पांढऱ्या मिशा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. "मी आली," मिशा म्हणाल्या. माझ्या हातातलं ताट पडायचं राहिलं. त्यांची मराठी सगळी अशीच, बाईमाणसाची, आणि ती इतक्या गंभीर चेहऱ्याने की हसायची सोय नाही. का तशी, ते पुढे कळेल.

तर या गृहस्थांच्या लेखी जगात दोनच जाती, चालणारी मशिनं आणि चालवली न जाणारी मशिनं; माणसं मध्ये कुठेतरी येतात. तुमचं नाव ते विचारत नाहीत, मशीनचं वय विचारतात. घरात चपला घालून खुशाल फिरतील, मशीनपुढे मात्र काढतील. मशीनच्या पोटात तेल गेल्याशिवाय स्वतःच्या पोटात चहा घेणार नाहीत. राजा पार्कात एका नव्या कॅफेने भिंतभर जुनी मशिनं शोभेला मांडली होती. मशीनवाले तिथे गेले, कॉफी मागवली, ती निवत ठेवली, आणि पिशवीतून तेलाची बुधली काढून एकेक मशीन सोडवत सुटले. मालकाने हटकलं तर म्हणाले, यांना उपाशी ठेवून तुम्ही लोकांना केक खायला घालता. तीन तासांनी त्यातली दोन मशिनं चालायला लागली. मालकाने आधी डोक्याला हात लावला आणि मग आपला उसवलेला खिसा शिवून घेतला.

त्यांचा दुसरा धक्का म्हणजे भुगा. सुईखालची पट्टी उघडली की दातांमध्ये सुताचा भुगा साठलेला असतो. पत्रिका वाचावी तसा ते तो वाचतात. आमच्या खालच्या शर्माजींच्या बायकोने ठासून सांगितलं की लेकीच्या लग्नापासून आमच्या मशीनला कुणी शिवलेलं नाही. मशीनवाल्यांनी चिमट्याने एक सोनेरी तार ओढून काढली आणि शांतपणे विचारलं, मग ही ताजी गोटापट्टी कुणाची? सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या. ती बिचारी सासू दुपारी झोपली की चोरून शेजारणींच्या ओढण्यांना गोटा, म्हणजे सोनेरी किनार, लावत होती. तिच्या सासूबाई दोन दिवस सुन्न होत्या. आता म्हणे स्वतः गिऱ्हाइकं आणतात.

पण हे मला सगळं नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलंच नसतं.

आमच्या मशीनपुढे ते मांडी घालून बसले. लांब पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखं ऐकलं. बंद मशीनमध्ये काय ऐकू येतं देव जाणे. पट्टी उघडून भुगा काढला. निळा. "बाळाची कपडा," ते म्हणाले. "अर्धी राहिली." मग एका भोकात सुई घालून त्यांनी पिवळट चिकट काहीतरी बाहेर काढलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, कुणी गाईला साबण चारल्याचं ऐकावं, तसा भाव होता.

"काकूजी, हिला खोबरेल कोणी पाजली?"

सई माझ्याकडे बघत होती. आणि बहात्तर वर्षांच्या माझ्या तोंडून, मला न विचारता, निघून गेलं, "आमच्या सासूबाईंनी."

मशीनवाल्यांनी खालच्या पायडलवर हात फिरवला. लोखंडाची नक्षी दोन पावलांच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती. एवढी मशीन चालवणारी बाई असलं करणार नाही, ते म्हणाले, आणि एकेक हत्यार परत पिशवीत ठेवू लागले. "पेशंटच्या घरचे खोटं बोलले, की मी जाते." पिशवीचा बंद बांधून झाला. चपला पायात गेल्या. सईचा चेहरा इतका पडला की मला चार महिन्यांचा तिचा बाप आठवला. मी म्हटलं, थांबा. आणि सगळं सांगितलं. बाटली, भोकं, कुंची, आणि शेवटी ते पायाचं. सईचा आ जो वासला तो मिटायला वेळ लागला.

मशीनवाल्यांनी एवढंच विचारलं, महिना कोणता होता? जानेवारी, मी म्हटलं. त्यांनी चपला पुन्हा काढल्या. काही बिघडलं नव्हतं काकूजी, ते म्हणाले, नुसती गोठली होती. गच्चीवर तासभर उन्हात ठेवली असती तर सुटली असती. होळीपर्यंत वाट पाहिली असती तरी आपोआप चालली असती. ऊन मागायचं होतं, बस.

तासभर ऊन! आणि कुठे, तर जयपुरात, जिथे उन्हाची टंचाई आजवर कुणी ऐकलेली नाही. त्या टेबलावर एकोणीस वर्षं सासूबाईंनी रेडिओ ऐकला, आणि त्यातल्या प्रत्येक उन्हाळ्यात कुणी चादर उचलून चाकाला नुसतं बोट लावायचा अवकाश होता.

आता मात्र खोबरेलाचा गोंद झाला होता. मशीनवाल्यांनी मशीन सकाळी गच्चीवर तापवायचं, भोकांत रॉकेलचे थेंब सोडायचे, चाक जितकं हलेल तितकंच हलवायचं, जबरदस्ती नाही, असं तीन दिवस चालवलं. जुन्या दात घासायच्या ब्रशने सांधे साफ केले. वरची सोनेरी वेलबुट्टी पुसायला मी साबणाचं पाणी आणलं तर माझ्या हातातून मग काढून घेतला. मऊ फडक्यावर मशीनचंच तेल, बाकी काही नाही. पट्टा नवा घातला, सुई नवी. चौथ्या दिवशी चाक पूर्ण फिरलं. सई खुर्ची ओढून बसणार, तर तिला उठवून मला बसवलं. बंद तुम्ही केली, चालू तुम्ही करा. मी पायडलवर पाय ठेवला. पाय जड पडत होता. खरंच जड. आणि मग तो आवाज आला, टकटकटकटक, अगदी तोच. मुलगा जागा होईल म्हणून मी क्षणभर थांबले सुद्धा.

तेव्हापासून सई रोज कारखान्यातून आली की शिवते, आणि रोज सकाळी अकराला मला मशीनवाल्यांचा फोन येतो. "चालवली?" कापड नसलं तरी दहा मिनिटं चालवायची, आठवड्यातून एकदा भोकागणिक एक थेंब, दुसरा नाही. एकदा मी, सवयच ना, त्यांना शिकवायला गेले. पुरुषाने 'येते' नाही, 'येतो' म्हणायचं. मग खर्जात हळूच आलं, "मी येतो." मग ते म्हणाले, ही मराठी दुसऱ्या कुणाचीतरी वाटते, काकूजी. वडील इथलेच, आई साताऱ्याकडची. घरात मराठी बोलणारी ती एकटी, आणि ती जशी बोलायची तशीच यांना येते. ती गेल्यावर बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून मशिनींशी बोलतात. मी पुन्हा कधी व्याकरण काढलं नाही.

या थंडीत त्यांच्या छातीत दुखलं. आता जिने चढायचे नाहीत, पिशवी उचलायची नाही. फोन मात्र अकराला येतो. आवाज तोच, विहिरीतला, पाणी थोडं कमी झाल्यासारखा. परवा मशीन चालवून झाल्यावर मी त्यांना चेष्टेत म्हटलं, सगळं दुरुस्त केलंत हो, पण वर गेल्यावर सासूबाई पायाचं विचारतील, तेव्हा मी काय सांगू? ते मग म्हणाले,

"मी आधी गेली तर मीच सांगते त्यांना. सूनबाईची चूक नव्हती, जयपूरची थंडी होती."